दर्या की दऱ्या?

गावाकडून मोबाइलवर निरोप येतो, ‘आईचा ताप उतरला, काळजी करू नका.’ आपण तो वाचतो, हुश्श करतो आणि मोबाइल खिशात टाकतो. ही मराठी अक्षरं इथवर आली कशी, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही, आणि येऊही नये. नळ सोडल्यावर धरण कुठं आहे हे कोण विचारतो? पण मी कविता लिहिणारा माणूस, आणि पोटासाठी एका वाचनालयात नोकरी करणारा. अक्षर हेच माझं दुकान. त्यामुळं या दुकानातला माल येतो कुठून, टिकतो किती आणि कधी कधी वाटेतच बदलतो कसा, याची चौकशी मी गेली काही वर्षं करत आलो आहे. मी तंत्रज्ञ नाही, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस आहे. तेव्हा जेवढं समजलं तेवढं, आणि जसं समजलं तसं, आज आपल्याशी बोलणार आहे.

पहिली गोष्ट अशी, की संगणकाला अक्षर कळत नाही. मराठीच नाही असं नाही, इंग्रजीही कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून माणसांनी आधी बसून ठरवावं लागतं, की अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर. अमेरिकेत १९६३ साली असं एक कोष्टक ठरलं. त्यात इंग्रजीतल्या मोठ्या ‘ए’चा आकडा ६५, ‘बी’चा ६६. सगळी मिळून १२८ घरं. इंग्रजी अक्षरं, अंक, स्वल्पविराम, पूर्णविराम एवढ्यात कोष्टक भरलं. पुढं ही घरं दुप्पट, म्हणजे २५६ झाली. पण ‘अ’ला, ‘क’ला, आपल्या ‘ळ’ला त्यात घर नव्हतं. ज्यांनी कोष्टक केलं त्यांच्यासमोर आपली भाषाच नव्हती, त्यांना तरी दोष कसा द्यावा?

आपल्याकडं काहीच झालं नाही, असं मात्र नाही. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम झालं. त्यात मोहन तांबे हे नाव महत्त्वाचं. ‘जिस्ट’ नावाचं एक कार्ड तयार झालं. ते संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिकडं आलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी आपलं स्वतःचं प्रमाण कोष्टकही ठरलं. त्याआधी, १९८६ साली, ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळफलकाची रचना सरकारनं ठरवली होती. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मराठीत ज्या कळीवर ‘क’, त्याच कळीवर कन्नडचा ‘क’, बंगालीचा ‘क’. इतकी शहाणी योजना होती. पण शहाणी योजना आणि बाजार यांची गाठ आपल्याकडं क्वचितच पडते. तालुक्या-तालुक्यात डीटीपीची दुकानं निघाली, लग्नपत्रिका, हँडबिलं, स्मरणिका, कवितासंग्रह तिथं जुळवले जाऊ लागले, आणि त्या दुकानांनी दुसरीच वाट धरली. ती वाट म्हणजे फॉन्टची.

ही वाट समजावून सांगायची तर मला गावातला बहुरूपी आठवतो. बहुरूपी फौजदाराचा वेश घालून येतो. टोपी, मिशा, छडी सगळं जिथल्या तिथं. पण वेश उतरवला की आत आपला नेहमीचाच माणूस. जुन्या मराठी फॉन्टचं हेच होतं. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच आकडे असायचे, फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचा वेश चढवलेला. आपल्या सरकारी कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या क्लासांत चालणारा ‘कृतिदेव’ घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, की संगणकाच्या लेखी तो मराठी शब्द नसतोच. लहान ‘ई’, लहान ‘जे’, लहान ‘के’, मोठा ‘बी’ आणि लहान ‘एच’ अशी पाच इंग्रजी अक्षरं तिथं असतात. कृतिदेव फॉन्ट असेल तोवर ‘मराठी’ दिसणार. तो नसेल तर ‘ईजेकेबीएच’!

आणि प्रत्येक कंपनीचा बहुरूपी निराळा. एका फॉन्टमध्ये ‘ई’च्या अंगावर ‘म’चा वेश, तर दुसऱ्यात आणखी कशाचा. एका दुकानात जुळवलेला मजकूर शेजारच्या दुकानात उघडत नसे. वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा त्यांचंही तेच झालं. अमुक वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्याचा फॉन्ट उतरवून घ्या, तमुक वाचायचं तर त्याचा. परदेशातली आपली मंडळी हे मुकाट्यानं करत, कारण गावाची बातमी हवी असे. पण त्या काळातली त्या पानांवरची मराठी आज कुणी शोधायला गेला, तर शोधयंत्राला ती सापडत नाही. सापडणार कशी? मराठी शब्द तिथं नव्हतेच.

माझा पहिला संग्रह १९९८ साली असाच एका डीटीपीच्या दुकानात जुळवला गेला. पाचशे प्रती निघाल्या. त्याच फ्लॉपीवर, संग्रहात न घेतलेल्या अकरा कविताही जुळवून ठेवल्या होत्या. पुढं २००५ च्या पावसाळ्यात कृष्णा-कोयनेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि कवितांच्या वह्या गेल्या. दुकान वरच्या मजल्यावर होतं म्हणून ती फाइल वाचली. डीटीपीवाले काका दूरदृष्टीचे, त्यांनी फ्लॉपीवरचं सगळं सीडीवर उतरवून ठेवलं होतं. २०१६ साली ती सीडी भाच्याच्या लॅपटॉपमध्ये घातली. फाइल उघडली. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, डॉलरची खूण, उलटे स्वल्पविराम. भाचा म्हणाला, ‘‘मामू, ये तो कोई मंतर दिख रा.’’ माझ्या अकरा कविता त्या मंतरात होत्या.

आता या बहुरूप्याच्या खेळावर जगानं काढलेला उपाय सांगतो. त्याचं नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. कल्पना अगदी साधी. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा एक आकडा द्यायचा. तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही आणि एकदा दिला की परत घ्यायचा नाही. यात देवनागरीला १२८ घरांची एक आळी मिळाली. भारतानं जे कोष्टक केलं होतं त्याच्याच धर्तीवर ही आळी वसली, म्हणजे कानपूर-पुण्याची मेहनत वाया गेली नाही. ‘अ’चा आकडा २३०९, ‘क’चा २३२५, ‘ळ’चा २३५५. ‘मराठी’ हा शब्द म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. हे पाच आकडे सांगलीत असोत की शिकागोत, त्यांचा अर्थ एकच. फॉन्ट कोणताही लावा, अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही.

याच युनिकोडमध्ये मोबाइलवरच्या त्या पिवळ्या चेहऱ्यांनाही आकडे आहेत. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला जो चेहरा आपण ऊठसूट पाठवतो, त्याचा आकडा १,२८,५१४. आणि आपली मोडी? पेशवाईतले ढीगभर कागद जिच्यात लिहिले गेले, त्या मोडी लिपीला युनिकोडमध्ये घरं मिळाली २०१४ साली. हसरा चेहरा २०१० साली आला होता. मोडीच्या चार वर्षं आधी! असो.

मला या योजनेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, मग ‘क’. जुने टंकलेखक आणि जुने फॉन्ट तसंच करत : आधी वेलांटीची कळ, मग अक्षराची. युनिकोडमध्ये मात्र आधी ‘क’, मग वेलांटी. दिसताना ती डावीकडं दिसते, पण पोटात ती ‘क’च्या नंतर असते. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला आमचे शाळेतले गुरुजी आठवले. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि.’ आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणजे युनिकोडनं छापखान्याचं ऐकलं नाही, बाराखडीचं ऐकलं. उच्चाराचा क्रम धरला.

आकडा मिळाला म्हणून काम संपलं नाही. आकड्याला रूप लागतं. पडद्यावर ‘क’ काढायचा कसा, जोडाक्षर बांधायचं कसं, वेलांटी डावीकडं न्यायची कशी, हे संगणकाला शिकवावं लागतं. विंडोज २००० आणि पाठोपाठ २००१ सालची विंडोज एक्सपी यांतून ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घराघरांत गेला. आज कुणाही कारकुनाला विचारा, मंगल फॉन्ट ठाऊक नाही असं होणार नाही. पण तो कुणी काढला, हे दहांतल्या एकालाही ठाऊक नसतं. तो काढला र. कृ. जोशी यांनी. मोठे सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवलेले, आणि मराठीतले कवी. २००८ साली ते गेले. कचेरीत बसून सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, बदलीच्या हुकमावर आपण जे अक्षर पाहिलं, ते एका कवीच्या हातचं होतं. माझ्यासारख्याला याचा उगाचच अभिमान वाटतो.

मोबाइलवर तर आणखी उशीर झाला. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या बऱ्याच फोनांवर मराठी निरोप आला की रिकाम्या चौकटी दिसायच्या. त्याआधी एसएमएसचा जमाना होता, आणि तिथं तर हिशेबच आडवा यायचा. इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत. तोच देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर यायची. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराची खूण यांतलं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजायचं. म्हणजे मराठीत जरा लांब निरोप पाठवायचा तर पैसे दुप्पट. आपली मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागली, तेव्हा आपण त्यांना नावं ठेवली, संस्कार काढले. त्यात संस्कारांइतकाच रिचार्जचाही प्रश्न होता.

मराठीच्या स्वतःच्या काही अडचणी उरल्याच होत्या. ‘ॲप’, ‘ॲडव्होकेट’, ‘ॲसिड’ यांतलं जे ‘अ’वरचं चंद्राचं अक्षर आहे, त्याला देवनागरीच्या आळीत घरच नव्हतं. होता तो ‘ए’वर चंद्र असलेला. ते वळण हिंदीचं, मराठीचं नव्हे. आपल्या ‘ॲ’ला घर मिळालं २००८ साली, आकडा २४१८. त्याआधी इंटरनेटवर लिहिणारी मराठी माणसं मिळेल ते वापरत. म्हणून जुन्या पानांवर एकच शब्द तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो, आणि एका तऱ्हेनं शोधला तर दुसरा सापडत नाही.

दुसरी अडचण ‘र’ची, आणि तिथंच मी अडकलो.

मराठीत अर्धा ‘र’ दोन तऱ्हांचा आहे. एक रफार, ‘सूर्य’मधला. दुसरा ‘दुसऱ्या’मधला, अक्षराच्या डाव्या अंगाला पापणीच्या केसासारखा चिकटणारा. हिंदीवाल्यांना हा दुसरा लागत नाही. आपलं मात्र त्याच्याशिवाय भागत नाही. आचार्यांना निमंत्रण दिलं की आचाऱ्यांना, यावर मांडवातली सगळी व्यवस्था अवलंबून असते! युनिकोडच्या देवनागरीत हा ‘ऱ’ आला तो दक्षिणेकडच्या भाषांतला एक ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून. त्याचा आकडा २३५३. आपण मराठी माणसांनी त्याच घरात आपल्या अर्ध्या ‘ऱ’चा संसार थाटला. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबलं की तो मिळतो. पण हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी वर्षानुवर्षं ‘दुसर्या’, ‘तार्यांचा’, ‘वार्यावर’ असं रफार देऊन लिहिलं. त्या काळातली इंटरनेटवरची मराठी पानं या रफारांनी भरली आहेत. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायची जी यंत्रं निघाली, त्यांतली कितीतरी यंत्रंही दोन्ही ‘र’ एकाच पोत्यात घालत.

आता माझी गोष्ट. त्या अकरा कवितांतली एक माझ्या आजोबांवर होती. आम्ही पिंजारी. आजोबा कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून कराडकडं आले आणि इथलेच झाले. कवितेत त्यांना मी ‘दऱ्या ओलांडून आलेला माणूस’ म्हटलं होतं. एका दिवाळी अंकानं कविता मागितली. मी ती जुनी फाइलच पाठवून दिली. त्यांच्या कचेरीत ती युनिकोडमध्ये बदलली गेली. मुद्रितं माझ्याकडं आली नाहीत. अंक आला. छापलं होतं, ‘दर्या ओलांडून आलेला माणूस’.

दर्या म्हणजे समुद्र. फारसीतून आलेला शब्द, आमच्या कोकणच्या कोळ्यांच्या तोंडीही रुळलेला. ओळ कुठंही अडखळत नव्हती. उलट चांगलीच वाटत होती. महिन्याभरात एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आलं. फार सौजन्यानं लिहिलेलं. कोकणच्या किनाऱ्यावर अरब व्यापारी कसे आले, दहाव्या शतकात चौलच्या बंदरात त्यांची वस्ती होती आणि अल-मसूदी या प्रवाशानं ती लिहून ठेवली आहे, असं सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, आपल्या पूर्वजांच्या समुद्रप्रवासाची ही स्मृती आपण जपलीत याचा आनंद वाटला.

इतिहास त्यांनी खरा सांगितला होता. पण तो माझ्या आजोबांचा नव्हता. आजोबांनी समुद्रावर कधी पाय ठेवला नाही. चिपळूण ते कराड, एवढाच त्यांचा दर्या. ‘तुम्ही बाहेरून आलेले’ हे वाक्य आम्ही लोक शाळेपासून कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकत आलो आहोत. कधी रागानं, कधी प्रेमानं. त्या वाक्याला उत्तर म्हणून ती कविता लिहिली होती, आणि यंत्रानं नेमकं तेच वाक्य माझ्या तोंडी घातलं. ‘दऱ्या’चे आकडे लिहून पाहिले : २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. आणि ‘दर्या’चे : २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. पाचांतला एक आकडा बदललेला, तोही एकानं. तेवढ्यानं आजोबा अरबस्तानातून आले. पत्र लिहून मी खुलासा केला, पुढच्या अंकात तो कोपऱ्यात आला. इंटरनेटवर मात्र आजही ती कविता दर्या ओलांडूनच फिरते आहे, आणि बहुतेक ठिकाणी माझ्या नावाशिवाय.

नावाचं सांगायचं तर तोही एक नवा रिवाजच आहे. कविता आवडली की लोक ती फुलांच्या, सूर्योदयाच्या चित्रावर छापून सकाळी पाठवतात. प्रेमानं पाठवतात, माझी तक्रार नाही. पण चित्र झालं की अक्षरं पुन्हा गेली. तिथं आकडे नाहीत, नुसते रंगाचे ठिपके. आता चित्रातली छापील मराठी वाचून तिची पुन्हा अक्षरं करणारी साधनं मोबाइलवर आली आहेत आणि ती बऱ्यापैकी काम करतात. पण कवीचं नाव कुणी कापूनच टाकलं असेल तर ते साधन तरी कुठून आणणार?

या आकड्यांचा खरा उपयोग मला कळला तो आमच्या वाचनालयात. एक अंध वाचक येतात. त्यांच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एक मोफत प्रणाली आहे, ती मराठीही बोलते. आवाज जरा रोबोसारखा, पण ते म्हणतात, ‘‘मला तुमच्यासारखा गळा नको, मजकूर हवा.’’ युनिकोडमधलं पुस्तक त्यांना घडाघडा ऐकू येतं. जुन्या फॉन्टमधली फाइल लावली की तीच प्रणाली ‘ई, जे, के, बी, एच’ करत बसते. डोळस माणसाला फॉन्ट बसवून वेळ मारून नेता येत होती. त्यांना तीही सोय नव्हती.

उर्दूची कथा याच्या बरोबर उलटी झाली. माझे थोरले मामू मुंबईचा ‘इन्किलाब’ वाचायचे. उर्दू वर्तमानपत्रं पुष्कळ वर्षं कातिब लोक हातानं लिहीत. बोरूनं अख्खं पान लिहायचं आणि मग ते छापायला जायचं. कारण नस्तालिक हे वळण उताराचं. शब्द वरून खाली घसरत येतो आणि अक्षराचं रूप शेजाऱ्यावर ठरतं. ते खिळ्यांत बसवणं फार कठीण. लाहोरच्या ‘जंग’नं १९८१ साली संगणकावरची ‘नूरी नस्तालिक’ वापरायला सुरुवात केली. तिच्यासाठी अक्षरांचे हजारो जोड एकेक करून काढावे लागले होते. पुढं भारतात तयार झालेली ‘इनपेज’ ही प्रणाली कातिबांच्या जागी आली, पण तिच्या फाइली तिच्यापाशीच बंद राहिल्या. युनिकोडमध्ये उर्दूच्या अक्षरांना आकडे होते. नस्तालिकचं रूप मात्र मोबाइलवर नव्हतं, दिसायचं ते अरबी धाटणीचं सरळ वळण. मामूंना ते वाचताना जीव घुसमटल्यासारखं व्हायचं. कितीतरी उर्दू वर्तमानपत्रं म्हणूनच इंटरनेटवर पानाचं चित्र टाकून मोकळी होत. आयफोनवर उर्दूसाठी नस्तालिक आलं ते २०१७ साली. म्हणजे आमच्या जुन्या मराठी फॉन्टांपाशी रूप होतं, आकडा नव्हता. उर्दूपाशी आकडा होता, रूप नव्हतं.

युनिकोड आलं म्हणजे सगळं अमर झालं, असंही समजू नका. लेखन ठेवलेलं असतं कुणाच्या तरी दुकानात. १९९६ साली अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ सुरू केली, २००३ साली मराठी विकिपीडिया आला, पाठोपाठ हौशी लिहिणाऱ्यांची मोठी लाट आली. नोकरदार, गृहिणी, शिकायला परदेशी गेलेली मुलं. संपादकाला न विचारता लिहिण्यातली मोकळीक मी तेव्हा डोळे विस्फारून पाहिली. यातलं काही टिकलं, काही दुकानाबरोबर गेलं. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ साली, गूगल प्लस २०१९ साली. तिथं लिहिलेल्यांपैकी ज्यांनी आपली प्रत घरी ठेवली, त्यांचं वाचलं.

आता तर लिहायचीही गरज उरली नाही. बोललं की उमटतं. गूगलनं २०१७ साली मराठी आणि उर्दूसह आठ भारतीय भाषांसाठी ही सोय दिली. माझी अम्मी शाळेत गेलेली नाही. पंच्याऐंशीच्या पुढं तिनं पहिल्यांदा स्वतःचा निरोप स्वतः पाठवला, मराठीत, माझ्या बहिणीला : ‘मेथी आणली आहे, येताना डबा आण.’ पण अम्मी घरात बोलते ती दख्खनी. ‘क्या कर रे तुमे’, ‘मेरेकू नक्को’, ‘हौ’. या बोलीत मोबाइल काहीच्या बाही लिहितो. त्याच्या यादीत मराठी आहे, हिंदी आहे, उर्दू आहे, आणि आम्ही तिन्हींच्या मधल्या गल्लीत राहतो. अम्मीनं तोडगा काढला आहे. मोबाइलशी ती मराठीत बोलते, माणसांशी दख्खनीत.

ज्यांच्या घरी १९९० ते २०१० या काळात जुळवलेला मराठी मजकूर आहे, त्यांनी तो एकदा उघडून पाहावा. त्यात आजोबांच्या आठवणी असतील, संस्थेचा इतिहास असेल, कुणाची न छापलेली कादंबरी. आधी फॉन्टचं नाव शोधा. ते सापडलं तर युनिकोडमध्ये बदलून देणारी यंत्रं मिळतात. सापडलं नाही तर फॉन्टच्या नावासाठी जुन्या डीटीपीवाल्याला गाठा, तो अजून गावात असेल तर. बदलून झाल्यावर यंत्रावर विसंबू नका. ‘र्या’ आणि ‘र्ह’ जिथं जिथं असेल ती प्रत्येक जागा शोधून डोळ्यांनी पाहा. ‘कार्या’तला रफार बरोबर असतो, ‘किनार्या’तला चूक. हे यंत्राला दर वेळी ओळखता येईलच असं नाही. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेली असते, तीही तपासा. आणि मूळची जुनी फाइल फेकून देऊ नका. शंका आली तर शेवटी तिलाच विचारावं लागतं.

आमच्या डीटीपीवाल्या काकांचं कपाट आता आमच्या वाचनालयात आलं आहे. दुकान त्यांनी बंद केलं, सीडी रद्दीत द्यायला जीव होईना. चारशेच्या वर सीडी आहेत. लग्नपत्रिका आहेत, पतसंस्थांचे अहवाल आहेत, उरुसाची आणि यात्रेची हँडबिलं आहेत, भजनी मंडळाची पुस्तिका आहे, आणि ज्यांची नावं आता कुणाला आठवत नाहीत अशा सात-आठ कवींचे संग्रह. कॉलेजातल्या दोन मुली दर रविवारी येतात, एकेक सीडी उघडतात, मजकूर बदलतात आणि छापून माझ्यापुढं ठेवतात. मी लाल पेन्सिल घेऊन अर्धे ‘र’ तपासतो. सध्या २००१ साल चालू आहे.